माहितीपुस्तिकेत नसलेली जागा

दिनांक १६ मार्च १९८३, बुधवार, सकाळी साडेआठ. प्रसिद्धी खात्याचा तो कर्मचारी जळकोटजवळच्या आमच्या घरी दुसऱ्यांदा आला.

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. विहिरीत गाळ उरला होता. बैलांना उठवताना शेपटीला हात लावावा लागे. हिमायतनगरकडे, आंध्राच्या सीमेलगत, सरकार नवी वसाहत करीत होते. तिथे जमीन आणि कालव्याचे पाणी मिळणार होते. आठवड्यापूर्वी हा कर्मचारी तिची रंगीत पुस्तिका देऊन गेला होता. मुखपृष्ठावर हिरव्या पिकात एक हसरे जोडपे होते.

"ही शेतातली हाय का लग्नातली?" आईने तेव्हाच विचारले होते. "लुगड्याला चिखल न्हाई."

मी जायचे ठरवले होते, पण आई हलत नव्हती. आम्ही लिंगायत. आमच्यात मृताला बसवून माती देतात. वडील आमच्याच बांधाला आहेत. वसाहतीत आपल्याला कुठे बसवणार, एवढेच तिला कळायला हवे होते. कर्मचाऱ्याने अभिमानाने पुस्तिकेतले पान उघडले होते. "मावशी, पत्र्याचं छप्पर असलेली स्मशानभूमी आहे."

"ते जाळायला. मला जाळणार हाईस का?"

तो हसला नाही. "विचारून सांगतो," म्हणाला आणि गेला. परत येईल असे मला वाटले नव्हते.

आज तो ओसरीवर टेकला, पाणी प्याला. वसाहतीवर तो स्वतः जाऊन आला होता. तलाठ्याला घेऊन त्याने ओढ्यापलीकडचा तुकडा माती देण्यासाठी राखून घेतला होता.

"पावसात पाणी शिरंल तिथं," आई म्हणाली.

"उंचवटा आहे मावशी. मी चढून पाहिलं. धाप लागली."

"तुला लागली. पोट बघ की तुझं."

मग ती माझ्याकडे वळली. "अमाशेच्या आत निघू. बैल तग धरायचे न्हाईत."

बैल वाचले, आम्हीही. पुढे आई त्याच उंचवट्यावर बसली. त्या माणसाला कोणी ते काम सांगितले नव्हते. मी त्याचा ऋणी आहे.

त्या बुधवारीच मी शेत राखायला चुलत्याला राजी केले. संध्याकाळी गाडीची चाके उतरवून आसाला वंगण घातले.