जत्रेची रजा कोण देतं?

आज मुद्दाम लिहितेय. नुसतं नावापुरतं सुपरवायझर करून ओव्हरटाइम बंद करायचा, ही खोड आपल्या भागात वाढली आहे आणि आज ती माझ्या टेबलापर्यंत आली.

कर्नाटक सीमेवरच्या बोरगावजवळ कपडे शिवायच्या एका कारखान्यात मी पगाराचं काम बघते. तिथल्या सुनंदाला गेल्या महिन्यात सुपरवायझर केलं. मशीन तेच, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणंही तेच. ओव्हरटाइम मात्र बंद. सकाळी ती म्हणाली, "आक्का, ह्यो मान नको मला. पोरीची फी त्यातनंच भरत होते."

मी मालकांकडे गेले.

"अण्णा, सुनंदा सुपरवायझर व्हय?"

"व्हय की. सुपरवायझरला ओव्हरटाइम न्हाय बसत."

"मग येत्या जत्रेला बायकांना रजा तीच देणार?"

"ती कशी देईल? सगळ्याच गेल्या तर माल कोण काढणार? रजा मीच देणार."

"मग सुपरवायझर तुम्हीच झालात. ती कामगारच, तिला ओव्हरटाइम बसतो."

अण्णा हसले नाहीत. मग म्हणाले, "पत्र करा, आक्का. मागचा ओव्हरटाइमबी धरा."

ऐकणारे मालकही असतात, फक्त विचारावं लागतं. तुमच्याकडच्या सुपरवायझरला रजा द्यायचा अधिकार आहे का?

सुनंदा कामगारच आहे, असं अण्णांच्या सहीचं पत्र दुपारी तिच्या हाती दिलं, एक प्रत मराठीत, एक कन्नडमध्ये. तिनं गळ्यातलं सुपरवायझरचं कार्ड काढून दिलं, ते मी जमा करून घेतलं.