नळीच्या तोंडाला कुंकू

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात आम्ही स्टीलची एक नळी बनवली, माणसाच्या उंचीहून लांब. परदेशात जमिनीखाली एक प्रचंड कण-त्वरक जोडला जात होता. ठिकठिकाणांहून अशा नळ्या तिथं जायच्या, बोगद्यात तोंडाला तोंड लावून बसवायच्या आणि त्यांच्यातून अणूहूनही बारीक कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवायचे. त्या कणांच्या वाटेत हवासुद्धा नको, म्हणून नळीतली हवा पार उपसून काढतात. आत बोटाचा नुसता ठसा राहिला, तरी त्यातलं तेल वाफ सोडत राहतं आणि उपसा कधी पुरा होत नाही.

नळी स्वच्छ करायचं खातं माझं. साबण, ॲसिड, शुद्ध पाणी, मग भट्टी. माझ्या खोलीत केसांना तेल बंद, गजरा बंद, पावडर बंद. हाताखालच्या बायका मला माघारी सासू म्हणायच्या. म्हणोत. ही पहिलीच नळी होती. ती नापास झाली तर पुढचं काम मिळणार नव्हतं आणि माझ्या खोलीला कुलूप लागणार होतं.

रवानगीच्या दिवशी पूजा होणार, हे ठरलेलंच. आपल्याकडे नवी स्कूटरही चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय दुकानातून हलत नाही. माझीही हलली नव्हती. म्हणून मी मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं, पूजा लाकडी खोक्याची करू. ते हो म्हणाले होते.

मालक आले ते पाहुणे आणि फोटोग्राफर घेऊन. मी ट्रकवाल्याशी बोलायला फाटकापर्यंत गेले. परत येते तर खोकं उघडलेलं, नळीच्या तोंडावरचं झाकण काढलेलं आणि मालक ओल्या कुंकवानं आतल्या काठावर स्वस्तिक काढत होते. नारळाचं पाणी शिंपडून झालं होतं. आत एक जास्वंदाचं फूलही होतं. मी ओरडलेच.

“काहून ओरडून राहिल्या मॅडम?” मालक म्हणाले. “खोक्याच्या फोटोत काय दिसते? माल दिसाले पायजे ना. फडक्यानं पुसा अन् द्या पाठवून.”

“फडक्यानं नाही निघत साहेब. पुन्हा सारं धुवा लागते. नाहीतर तिकडे नापास होते.”

“देवाच्या कुंकवानं कोणी नापास होते का? देवधर्म आहे की नाही तुमाले?”

पाहुणे हसले. माझं डोकंच फिरलं. याच माणसाच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेले असताना नैवेद्याच्या ताटाजवळून माझा पदर गेला, तर ‘सोवळ्यातलं आहे, दूर व्हा’ म्हणून यांनीच मला चारचौघांत मागं सारलं होतं. मी निमूट सरले होते. मला ते पटलंही होतं. जपायचं ते असंच जपतात. मग ज्या नळीला आम्ही हातमोज्याशिवाय कधी शिवलो नाही, तिच्यात हे खुशाल बोट घालणार? यांचं ते सोवळं आणि आमचे ते नखरे?

मालक पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले आणि मी ट्रक रिकामा परत पाठवला. नळी पुन्हा साबणात, ॲसिडात, पाण्यात, भट्टीत. मला सासू म्हणणाऱ्या बायका न सांगता थांबल्या. “तुमी बसा ताई, आमी करतो,” म्हणाल्या. उशीर झाला म्हणून मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून झाडलं, ग्राहकापुढे नाक कापलं म्हणाले. नळी गेली.

पुढे तिकडून कळलं की नळी पास झाली, बोगद्यात बसलीसुद्धा, आणि पुढचं काम आम्हालाच. मालकांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं, पेढे वाटले आणि पूजेचा तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला.

“पाहा,” ते म्हणाले, “पूजा पावली! आता दर नळीची अशीच पूजा करू.”

टाळ्या पडल्या. माझ्या हातात पेढा होता, तो मी ताटात परत ठेवला.

“साहेब,” मी सगळ्यांसमोर म्हटलं, “त्या पूजेतलं चिमूटभर कुंकूही तिकडे गेलं नाही. मी ते ॲसिडनं धुऊन काढलं. पावलं असेल तर ते धुणं पावलं.”

टाळ्या थांबल्या. मग मागून, आमच्या खोलीतल्या बायकांनी त्या पुन्हा सुरू केल्या.