येळवशीचा पाचवा देव

आमच्या कॉलेजचं छोटं संग्रहालय मी सांभाळते. मला विचारल्याशिवाय तिथलं झुरळसुद्धा हलत नाही, असं शिपाई म्हणतात. बरोबरच म्हणतात.

तिथल्या एका भाजक्या मातीच्या पाटीवर माझा फार जीव आहे. तळहाताएवढी, एक कोपरा कधीचाच तुटलेला. ताडकळसकडच्या एका शेतकऱ्यानं ती आणून दिली, तेव्हा ती पाटी आहे हे ओळखूही येत नव्हतं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडं शेतात कडब्याची कोप, छोटी खोपीच, उभारून तिच्यात पाच दगड मांडतात, त्यांना चुना फासतात आणि जेवणाचा नैवेद्य दाखवतात. या शेतकऱ्याच्या घरचा पाचवा दगड मुळात दगडच नव्हता. पण चुना लागला की सगळे देव सारखे. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले. एकदा पोपडा निघाला, खाली लाल मातीवर रेघा दिसल्या आणि त्याला शंका आली.

हिवाळाभर मी बांबूच्या काडीनं चुना काढत बसले. खालून ब्राह्मी अक्षरं निघाली. मला ती वाचता येतात, आणि हे सांगताना मी उगाच लाजत नाही. नाव तुटक्या कोपऱ्याबरोबर गेलेलं. उरलं ते एवढंच : अमक्याच्या आईचं दान.

पुढची येळवस दोन दिवसांवर आली आणि त्या शेतकऱ्याची आई दारात उभी राहिली.

"मॅडम, आमचा देव द्या. पूजा झाली की आणून देते."

"मावशी, इथली वस्तू बाहेर जात नाही."

"मग चारच मांडू का? लेकानं मला इचारलं बी न्हाई."

मला तिची दया आली, पण नियम म्हणजे नियम. मी तिला काचेपाशी नेलं आणि काचेवरूनच अक्षरांवर बोट फिरवत वाचून दाखवलं.

"म्हंजे बाईमाणूस हाय. आन् आमी धोतराचं फडकं गुंडाळायलो इतकी वर्सं." ती हसली, मग डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या हितंच. पर तिचं जेवण कुणी खायचं? ठिवून तुमी घेतली, आता जेवायला बी तुमीच यायचं."

यावर माझ्याकडं नियम नव्हता.

तेव्हापासून दर येळवशीला मी त्यांच्या शेतात जाते. कोपीत चार दगड असतात आणि पाचव्या जागी नुसता चुन्याचा पट्टा. त्याच्यापुढचं पान माझं. भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील. मी काही मागं ठेवत नाही.

मी पहिला घास घेण्याआधी म्हातारी माझा हात धरते.

"बरी हाय का माजी?"

"बरी आहे," मी सांगते, आणि मगच ती मला जेवू देते.