क्वार्टरबॅकसाठी शाल आणि नारळ

“अहो, गुडघा त्याचा दुखावलाय, तुमचा नाही. नीट चाला!”

समोरच्या फ्लॅटच्या उघड्या दारातून काकूंचा आवाज आला तेव्हा मी आमच्या दाराला किल्ली लावत होते. आत काका हॉलमध्ये एक पाय ओढत येरझाऱ्या घालत होते. मी नेहमीसारखी मान खाली घालून आत सटकणार, तेवढ्यात त्यांनी मला पाहिलंच. “ये ये, बरी भेटलीस. मला सांग, एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला त्याच्या गुडघ्याबद्दल चारचौघांत विचारलं तर ते वाईट दिसेल का?” कोणाचा गुडघा, कोण माणूस आणि चारचौघं कुठे जमणार होते, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, “मे बी, काका.” माझं निम्मं बोलणं या दोन शब्दांत भागतं.

सिंगापुरातल्या समस्त मराठी माणसांनी मिळून आजवर जेवढे प्रश्न विचारले असतील, त्याहून जास्त आमच्या समोरच्या काकांनी एकट्याने विचारले आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. काका पक्के शाकाहारी, पण खालच्या हॉकर सेंटरमधल्या चिकन राइसवाल्या अंकलना ते भात मोकळा कसा राहतो हे इतक्या वेळा विचारून आले, की शेवटी त्या अंकलनी स्टॉल बाजूच्या माणसावर सोपवला आणि काकांना मागे नेऊन पातेलं दाखवलं. लिफ्ट दुरुस्त करायला माणूस आला की काका चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ उभे राहतात. टॅक्सीत बसले की उतरेपर्यंत ड्रायव्हरच्या सुनेचं माहेर कुठलं हे त्यांना कळलेलं असतं. मी स्वतः चुकीची ऑर्डर आली तर मुकाट्याने खाते. त्यामुळे काकांबरोबर बाहेर जाणं म्हणजे मला एकाच वेळी शरमेने मेल्यासारखं होतं आणि जेवण मात्र बरोबर मिळतं.

त्यांची खरी कर्मभूमी म्हणजे इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम. व्याख्यान संपतं, सूत्रसंचालक “कोणाला काही प्रश्न?” असं म्हणतात आणि सगळा हॉल काकांकडे न बघण्याचा प्रयत्न करतो. काका उठतात, शर्ट खाली ओढतात आणि म्हणतात, “प्रश्न छोटाच आहे. फक्त आधी थोडी पार्श्वभूमी देतो.” ही पार्श्वभूमी त्यांच्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षापासून सुरू होते. एकदा हृदयरोगतज्ज्ञ आले होते. त्यांना काकांनी पंप, व्हॉल्व्ह आणि पाइपातला गाळ यांवर इतकं समजावून सांगितलं, की शेवटी डॉक्टरांनीच त्यांना दोन प्रश्न विचारले. गायिका आल्या तेव्हा पेटीच्या भात्यातली हवा नेमकी कुठून गळते हे यांनी पुढे जाऊन दाखवलं. हल्ली माइक फिरवणारी मुलं काकांच्या रांगेपाशी आली की चालण्याचा वेग वाढवतात. काकांना त्याचं काही नाही. त्यांचा आवाज माइकशिवायही पोचतो.

आता हे फुटबॉलचं. मला ते अजून नीट समजलेलं नाही, म्हणून मला समजलं तसं सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी कंपनीने काकांना एका हिवाळ्यात अमेरिकेतल्या एका बर्फाळ गावी पाठवलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना घरी बोलवून टीव्हीसमोर बसवलं, हातात पॉपकॉर्न दिलं आणि त्या गावच्या टीमचं प्रेम त्यांच्या गळ्यात घातलं. काका परत आले. प्रेम राहिलं. टीम सतत हरते. खेळाचं नाव फुटबॉल, चेंडू लंबगोल, तो हातात धरून पळायचं, आणि दर काही सेकंदांनी सगळे थांबून मीटिंग घेतात. एका दिवाळीत काकांनी मला तो खेळ फराळाच्या ताटावर शिकवायचा प्रयत्न केला. पाच चकल्या ओळीत, त्यांच्यामागे एक बेसनाचा लाडू. “हा लाडू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू याच्या हातात येतो. कोणाला द्यायचा, कधी फेकायचा, हे हा ठरवतो. समोरून दांडगे लोक याला लोळवायला धावत येतायत आणि याला दोन-तीन सेकंदांत सगळं मैदान वाचायचंय. हा म्हणजे आमच्या प्लांटची कंट्रोल रूम!” मग दांडगे लोक म्हणून ठेवलेल्या शंकरपाळ्या काकूंनी उचलून खाल्ल्या आणि मॅच संपली.

सिंगापुरात ह्या मॅच सोमवारी पहाटे दिसतात. काका जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये कामाला. कंपनीच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून ते फोनवर मॅच बघत जायचे. आणि मॅचचे चार भाग असतात. तिसरा संपता संपता बस गेटपाशी पोचायची आणि तिथे फोन जमा करावा लागायचा. म्हणजे इतक्या वर्षांत आपल्या लाडक्या टीमचा चौथा भाग काकांनी कधी धड पाहिलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत निकाल कळेपर्यंत ते मनातल्या मनात मॅच पुरी करायचे, आणि तिथे टीम बहुतेक वेळा जिंकायची. “त्यामुळे माझं प्रेम टिकलं,” असं ते म्हणतात. हे ते गंमतीने म्हणतात की खरंच, हे मला कळत नाही. काकांच्या बाबतीत मला नेहमी इथेच अडकायला होतं.

तर या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. काकांच्या टीमने एक अनुभवी क्वार्टरबॅक घेतला. बरीच वर्षं एकाच टीमकडून खेळलेला, त्या टीमने ‘आता पुरे’ म्हणून मोकळा केलेला, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला असा. आणि काकांचा प्लांट बंद व्हायचं ठरलं. काकांना निरोप समारंभ मिळाला, घड्याळ मिळालं. नंतर जुरोंग आयलंडवरच्याच एका छोट्या कंपनीकडून नोकरीसाठी विचारणा आली. काम तेच, पण वरिष्ठ म्हणून बत्तीस वर्षांची एक मुलगी. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं तर सिंगापुरातला मुक्काम आवरून पुण्याला. काकू नोव्हेनाला एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांना इथेच राहायचं होतं. पण त्या एकच वाक्य म्हणायच्या, “तुमचं तुम्ही ठरवा,” आणि हे वाक्य त्या दर वेळी वेगळ्या आवाजात म्हणायच्या.

काका ठरवत नव्हते. काका प्रश्न तयार करत होते. त्या टीमने जगभरच्या चाहत्यांसाठी नव्या क्वार्टरबॅकशी व्हिडिओवर गप्पा ठेवल्या होत्या, आणि आमच्या इथल्या चाहत्यांना अर्धा तास मिळाला होता. प्रत्येकी एक प्रश्न. आयुष्यभर प्रश्नांत पोहलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, आणि तो बुडायला लागला. माझं इंग्रजी चांगलं म्हणून रोज संध्याकाळी मला बोलावणं यायचं. “हे ऐक. नवीन कोच तुझ्याहून लहान आहे, तर त्याला हाक काय मारतोस? कसा वाटतो प्रश्न?” मी म्हणायचे, “चांगला आहे, काका.” दुसऱ्या दिवशी तो प्रश्न बाद. “जुन्या टीमने निरोप दिला तेव्हा भाषण कोणी केलं? खरं बोलले का?” तोही बाद. “नव्या टीमच्या खुणा वेगळ्या असतील. विसरलास तर कोणाला विचारतोस? विचारायची लाज वाटते का?” इथे स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. काकू दारात आल्या, काकांकडे बघत राहिल्या आणि परत गेल्या. मी गोंधळून गेले. हे प्रश्न अमेरिकेत जाणार आहेत की जुरोंग आयलंडला, हे मला कळेना. आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

शनिवारी सकाळी काकू कामावर, म्हणून काकांबरोबर मी. सेरंगूनच्या मॉलजवळच्या एका रेस्टॉरंटचा वरचा मजला चाहत्यांनी घेतला होता. वीसेक माणसं, सगळी त्या टीमच्या जर्सीत. काकांचीही जर्सी होती, पण ती त्यांनी फॉर्मल पँटमध्ये खोचून वर पट्टा लावला होता. हातात कापडी पिशवी. मला वाटलं, डबा असेल.

पडद्यावर तो माणूस आला. रुंद खांदे, दाढीत पांढरे केस, दमलेले आणि प्रेमळ डोळे. लोकांनी भराभर प्रश्न विचारले. यंदा किती जिंकणार, आवडता पास कुठला, इथलं चिली क्रॅब खाल्लंय का. मग क्लबचा प्रमुख, टीमची टोपी घातलेला एक उंच चिनी तरुण, माइक घेऊन काकांपाशी आला. “येस, अंकल. वन क्वेश्चन, हं.”

काका उठले. जर्सी खाली ओढली. पिशवीतून एक शाल काढली. मग एक नारळ काढला.

मंडळात पाहुण्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, हे मला माहीत आहे. पण पाहुणा पडद्यावर असेल तर काय करायचं, हे मंडळानेही ठरवलेलं नाही. काकांनी ठरवलं होतं. त्यांनी ती शाल क्लबच्या प्रमुखाच्या खांद्यावर पांघरली, नारळ त्याच्या हातात दिला आणि पडद्याकडे बघून स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, “सर, हे तुमच्या वतीने स्वीकारतायत.” तो बिचारा शाल पांघरून, माइक आणि नारळ सावरत उभा. मागून कोणीतरी म्हणालं, “वा, सो नाइस लाह, वेडिंग आ?”

“तो नारळ आहे का?” पडद्यावरच्या माणसाने विचारलं.

“येस सर. शुभ असतो.”

“फेका इकडे, मी तयार आहे,” म्हणून त्याने दोन्ही हात पुढे केले. सगळे हसले. क्लबच्या प्रमुखाने नारळ घाबरून छातीशी घट्ट धरला. काकाही हसले. मग म्हणाले, “प्रश्न छोटाच आहे. फक्त आधी थोडी पार्श्वभूमी...”

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पार्श्वभूमी बर्फाळ गावापासून निघाली, पॉपकॉर्नवरून बसमध्ये आली, गेटपाशी फोन जमा झाला. लोक चुळबुळायला लागले. “अंकल, क्वेश्चन, क्वेश्चन,” शालीतला तरुण हळूच म्हणाला. “टाइम ऑलमोस्ट अप.” काका थांबले. इतके दिवस घोकलेल्या प्रश्नांपैकी कुठला येतो म्हणून मी वाट बघत होते. कुठलाच आला नाही. मग काका भलत्याच बारीक आवाजात म्हणाले, “सर, तुम्ही हो म्हणालात. ते कसं म्हणालात?”

हा कसला प्रश्न, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसलं. पडद्यावरचा माणूस मात्र हसला नाही. त्याने दाढीवरून हात फिरवला. “खरं सांगू? आधी मी नाहीच म्हणालो होतो. मग सगळ्यांना सांगत फिरलो की मी नाही म्हणालो. कोणी शाबासकी दिली नाही. बायको तर काही बोलेचना.” तो कॅमेऱ्याजवळ सरकला. “मग मी फोन केला आणि हो म्हणालो. माझा आवाज फाटला. त्यांना वाटलं लाइन खराब आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका “थँक यू, सर” म्हणून खाली बसले. निघताना नारळ परत घ्यायलाही विसरले. शाल तो तरुण घडी घालून देत होता, तर म्हणाले, “राहू दे, तुला शोभतेय.”

सेरंगून स्टेशनवर आम्ही घरी जायला सेंगकांगच्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो. एरवी एवढ्या वेळात काकांनी शेजारच्या माणसाला त्याच्या घडीच्या सायकलबद्दल विचारलं असतं. आज नाही.

“फार मूर्खासारखा प्रश्न झाला ना?” ते म्हणाले.

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

“त्याचं ठीक आहे गं. त्याच्या हातात अजून जोर आहे. मी त्या मुलीच्या हाताखाली जाऊन बसायचं, प्रत्येक गोष्ट विचारत. आणि ती पोरं एकमेकांकडे बघणार. सोमवार परवावर आला. पुणं काही वाईट नाही. बहीण आहे, हवा बरी आहे.” मग ते माझ्याकडे वळले. “तुला काय वाटतं?”

काका प्रश्न विचारून उत्तरासाठी सहसा थांबत नाहीत. पुढचा प्रश्न तयार असतो, आणि त्यावरच माझ्यासारखीचं निभावतं. या वेळी ते थांबले. गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरली, चढली. काका हलले नाहीत. दारं बंद झाली. गाडी गेली. ते माझ्याकडेच बघत होते, पट्ट्यात खोचलेल्या जर्सीत, रिकामी पिशवी दोन्ही हातांत धरून. ‘मे बी’ माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

“जाऊ नका, काका,” मी म्हणाले. मला वाटलं त्यापेक्षा ते मोठ्याने निघालं. “तुमच्याशिवाय मला कोणी काही विचारत नाही.”