पुन्हा न लावलेला कौल

आमच्या चौघांत आजवर झालेलं सगळ्यात मोठं भांडण एका दारावरून झालं. दार खरं नव्हे, मालिकेतलं. अंतराळयानाच्या मागच्या भागात आग लागते, यानावरची इंजिनीअर बाई दारापाशी उभी असते, पलीकडे वैमानिक अडकलेला असतो, आणि दार उघडायचं की नाही हे ठरवायला तिच्याकडे चार-पाच श्वासांचा वेळ असतो. आपल्या विश्वात ती दार उघडत नाही. दुसऱ्या विश्वात उघडते. एवढ्या एका फरकावर त्या परदेशी मालिकेने सात भाग काढले, आणि त्या सात भागांवर आम्ही इथे रत्नागिरीत तीन वर्षं भांडतो आहोत.

भांडणाची जागा म्हणजे माझं इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान. रविवारी दुपारी चारला मी शटर अर्धं खाली ओढतो, म्हणजे गिऱ्हाइकाला दुकान बंद वाटतं आणि आम्हाला वारा लागतो. पहिले येतात काका. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांचा जन्म गेला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला आधी 'शक्य नाही' म्हणायचं आणि मग खुर्ची ओढायची ही त्यांची रीत. दुसरा रिक्षावाला, चाळिशीचा गडी. स्टँडवर भाड्याची वाट बघता बघता त्याने फोनवर सगळे भाग हिंदीतून दोनदा पाहिलेत. तिसरी ती. चौथा मी, आणि दुकान माझं म्हणून चहाही माझ्याकडे. माझी बायको म्हणते, "त्या यानातून येताना एकदा भाजी तरी घेऊन या."

रिक्षावाल्याची शंका एकच, पण ती तो दर रविवारी नव्याने मांडतो. "काका, मी नाक्यावर डावीकडं वळलो तर पावस गावचं भाडं मिळतं, उजवीकडं वळलो तर कायच नाय. मी उजवीकडं वळलो. मंग डावीकडं वळलेला मी आता पावसला बसून भजी खात असंल ना? माझ्या पोटात का पडत नाय ती?" काका चष्मा पुसतात आणि म्हणतात, शक्य नाही. ती हसते. तिचं हसू ऐकायला म्हणून मी त्याला पुन्हा पुन्हा डिवचतो, हे त्या दोघांना अजून कळलेलं नाही.

ती गावातल्या वाचनालयात काम करते. तीन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या इन्व्हर्टरची तक्रार घेऊन दुकानात आली. तेव्हा मी आणि काका त्या दारावरूनच हमरीतुमरीवर आलो होतो. तिने तक्रारीचा कागद काउंटरवर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "दार उघडलं असतं तर आग पुढे आली असती. यानात आणखी माणसं होती." काकांनी तिथल्या तिथे तिला खुर्ची दिली. मी मात्र कागदाकडेच बघत राहिलो, कारण तो आवाज मी बावीस-तेवीस वर्षांनी ऐकत होतो.

आम्ही दोघं गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या एका गावातले, एकाच वाडीतले. कॉलेजला एसटीने रत्नागिरीला यायचो. विज्ञानकथांचं पहिलं पुस्तक मला तिने दिलं. परत देताना मी त्यातल्या चुका पेन्सिलीने दाखवल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी तिने माझ्या चुका खोडरबराने पुसून आणल्या. असं तीन वर्षं चाललं. शेवटी माझ्या आईच्या लक्षात आलं, मग तिच्या आईच्या, आणि दोन्ही घरांना पसंत पडलं. आडवं येण्यासारखं काही नव्हतंच. फक्त आमच्या गावात कुठलंही लग्न ठरवण्याआधी ग्रामदेवीला विचारतात.

विचारतात म्हणजे कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणाला उजव्या नि डाव्या खांद्यावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. बी.एस्सी. झाल्यापासून मी या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली होती. ओली पाकळी कधीतरी सुकते, सुकली की सुटते, त्यात देवीचा काय संबंध, हे मी बाबांना पारावर बसून, चार माणसांदेखत समजावलं होतं.

त्या सकाळी देवळात आम्ही चौघंच होतो. माझे बाबा, तिचे बाबा, गुरव आणि मी. मुलीने यायचं नसतं. बराच वेळ काहीच पडलं नाही. मग डावी पडली.

गुरवाला त्यात विशेष काही वाटलं नाही. तो हात धुऊन दुसऱ्या पाकळ्या निवडायला लागला. डावा कौल मिळाला तर नारळ वाढवायचा, 'काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घे आणि पुन्हा सांग' म्हणायचं आणि दुसऱ्यांदा लावायचं, ही आमच्या देवळातली रीतच आहे. त्या दिवशी मन होत नसेल तर येत्या पौर्णिमेला लावायचं. अर्ध्या गावाची लग्नं दुसऱ्या कौलावर झालेली आहेत. गुरवाने पाकळ्या भिजवल्या आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पुन्हा कशाला? एकदा विचारलंत ना? मनासारखं येईपर्यंत विचारायचं तर विचारायचंच कशाला?"

मी हे का बोललो त्याचा मी पुढे शेकडो वेळा तपास केला. मला कौल मान्य नव्हता, म्हणून त्याच्यापुढे दुसऱ्यांदा हात पसरायचे नव्हते, हे खरं. पण त्याहून खरं हे की मला वाटलं, आता बाबा म्हणतील, जाऊ दे हे थोतांड, आपण लग्न करून टाकू. मला जिंकायचं होतं. बाबांनी मात्र माझं बोलणं शब्दशः घेतलं. पोरगा शिकलेला आहे, त्याचं मन नसेल, असं त्यांना वाटलं असावं. तिच्या बाबांनी टोपी डोक्यावर नीट केली आणि ते पायऱ्या उतरले. मी घरी जाऊन रुसून बसलो. कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून आठ दिवस बसलो. ज्या कौलावर माझा काडीचा विश्वास नव्हता त्याने माझं आयुष्य ठरवलं, आणि तो मी स्वतःच्या तोंडाने कायम केला होता.

पुढे तिला दाभोळला दिली. नवरा खाडीच्या फेरीबोटीवर होता, माणूस चांगला होता म्हणतात. तो गेल्यावर ती रत्नागिरीला आली. माझंही लग्न झालं होतं. माझी बायको माझ्यापेक्षा शहाणी आहे, तिच्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. तरी मन जिकडे जायचं तिकडे जातं. एकदा भांडणाच्या भरात मी बोलून गेलो की मला दुसऱ्या विश्वात एक दिवस तरी जाऊन यायचंय. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जा. पण तिथे तुझी लेक नसेल, हे लक्षात ठेवून जा." त्या रात्री मी जेवताना लेकीकडे सारखा बघत होतो. तिने विचारलं, "बाबा, माझ्या तोंडाला काय लागलंय?" तिच्याशिवायच्या जगाची मला कल्पना करवत नाही. आणि दुसऱ्या जगाची ओढ त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावतात, ते काकांना विचारलं तर ते म्हणतील, शक्य नाही.

तीन वर्षं ती सगळ्यांसमोर मला 'तुम्ही' म्हणत आली. मीही तिला 'तुम्ही' म्हणतो. आम्ही एका गावचे एवढंच काकांना आणि रिक्षावाल्याला माहीत. पुन्हा कौल लावायला मीच नको म्हटलं, हे तिला माहीत नाही असं मी धरून चाललो होतो. दोघांचे बाबा आता नाहीत, गुरवही नाही. दर रविवारी शटर ओढताना मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर रविवारी मालिकेवर बोलून ती घरी जायची.

गेल्या भाद्रपदात, गणपती होऊन गेल्यावर, आम्ही सातव्या भागाशी आलो. इंजिनीअर बाई दुसऱ्या विश्वात जाऊन येते. तिथे ती आणि तो वैमानिक एका कंटाळवाण्या ग्रहावर संसार करत असतात, घराचं छप्पर गळत असतं आणि तो गळतीखाली भांडी लावत असतो. ती परत येते. आपल्या विश्वातला वैमानिकही वाचलेला आहे, दुसऱ्या वाटेने बाहेर पडलेला. पण दोघं कधीच दूर झालेत आणि इतकी वर्षं तो समजून आहे की ते दार अडकलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहते, बोलायला तोंड उघडते आणि भाग संपतो.

"सांगायलाच हवा," रिक्षावाला म्हणाला. "दार अडाकला नव्हता, मी उघडलंच नाय, असा सरळ सांगायचा. त्याचाही जल्म गेला ना?"

"सांगून काय होणार?" काका म्हणाले. "दार आता उघडणार आहे का?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती चहातलं आलं चमच्याने बाजूला काढत होती.

"नको सांगायला," ती म्हणाली. "दार अडकलं होतं म्हणून तो जगू शकला. कुणावर राग धरावा लागला नाही त्याला. आता माझंच बघा. माझं एके ठिकाणी जवळजवळ ठरलं होतं. देवीने डावा दिला, विषय संपला. मी कुणाला बोल लावू?"

"देवीने डावा दिलान म्हणजे मंग संपलंच ओ मॅडम," रिक्षावाला हळहळून म्हणाला.

मी वाद सोडून रिकामे कप गोळा करायला लागलो. काकांनी विचारलंसुद्धा, बॅटरी उतरली काय तुझी म्हणून. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ती त्या डाव्या कौलाच्या आधारावर शांत आहे, आणि मी तोंड उघडलं तर तिचा तेवढा आधारही जाईल. न उघडलं तर ही बाई देवीला मानत, माझ्या हातचा चहा पीत, माझ्या खोटेपणासमोर बसून राहील. आणि मला तर सांगायचं होतं. तिच्या भल्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. कुणीतरी मला एकदा दोष द्यावा म्हणून.

पाच वाजता रिक्षावाला काकांना सोडायला गेला. परत येऊन तो तिला आणि वाचनालयाची चार्ज केलेली बॅटरी नेणार होता. दुकानात आम्ही दोघंच राहिलो.

"डावी पडल्यावर गुरव पुन्हा लावत होता," मी म्हणालो. "त्याने पाकळ्या भिजवल्या होत्या. मीच नको म्हटलं."

ती बॅटरीच्या टोकांवर कापड बांधत होती. तिचा हात थांबला नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "गुरवाची बायको त्याच संध्याकाळी येऊन सांगून गेली."

मी विचारलं, "मग मघाशी देवीचं नाव का घेतलंस?"

"चारचौघांत तुझं घेऊ?"

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती मला तू म्हणाली होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिने कापडाची गाठ मारली, ओढून पाहिली आणि शटरखालून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत उभी राहिली.

"मला वाटलं, चिडलायस," ती म्हणाली. "चिडलास की तुला आठ-दहा दिवस लागायचे. दाभोळचं स्थळ तेव्हाच आलं होतं. मी बाबांच्या हातापाया पडून त्यांना थांबायला लावलं. म्हटलं, पौर्णिमेपर्यंत थांबा. पौर्णिमेला तो येईल आणि पुन्हा लावायला सांगेल."

"तू थांबली होतीस?"

"पौर्णिमेला देवळातच होते. मुलीने जायचं नसतं, तरी गेले होते. गुरव दुपारपर्यंत पाकळ्या भिजवून बसला होता."

बाहेर रिक्षा येऊन थांबली. मी बॅटरी उचलून रिक्षात ठेवली. रिक्षावाला म्हणाला, "पुढच्या रविवारी आठवा भाग आला तर बगू काय म्हणतो तो," आणि ती म्हणाली, "हो, बघू." रिक्षा गेली.

त्या पौर्णिमेला मी कुठे होतो? त्या रविवारपासून मी तेच आठवतो आहे. वाडीतच असणार, कारण तेव्हा मी कुठे जात नव्हतो. देऊळ माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. दुपारी जेवलो असेन, निजलो असेन, कदाचित एखादं पुस्तक वाचत पडलो असेन. डावी पाकळी कशी पडली ते मला आजही डोळ्यांपुढे दिसतं, पण ती देवळात माझी वाट बघत बसली होती त्या दिवसातलं मला काहीही आठवत नाही.