राणीछाप रुपयाची झळाळी

माझे वडील फौजेतून निवृत्त झाले आणि जुन्या नाण्यांच्या नादी लागले. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. सांगलीच्या नाण्यांच्या प्रदर्शनात त्यांनी पाठपुरावा करकरून एक टेबल मिळवलं. तिथं त्यांना मिरवायचा होता तो औंधच्या यात्रेत घेतलेला राणीछाप चांदीचा रुपया. जुनेपणाची निळसर काळी झाक त्यावर तशीच होती. त्याला कधी कुणी धुतलं नव्हतं, हेच त्याचं मोल. धुतलेल्या नाण्याकडे जाणकार ढुंकूनही बघत नाहीत, आणि धुतलेलं नाणं न धुतलेलं म्हणून मांडणाऱ्याला तर पुन्हा दारात उभं करत नाहीत.

नाण्यांपुढच्या चिठ्ठ्या लिहायला मी साताऱ्याहून माहेरी, उंब्रजला गेले. आण्णांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यांनी कपाटातून पाकीट काढलं आणि रुपया माझ्या तळहातावर ठेवला. रुपया पांढराशुभ्र होता.

"आण्णा, ह्यो धुतलाय."

"खुळी का काय तू? कपाटाला कुलूप असतंय."

"मग काळी झाक कुठं गेली?"

"दिवाळीनंतर डोळ्याचं ऑपरेशन झालं, तवापासनं मला समदंच लय पांढरं दिसतंय."

"मलापण पांढराच दिसतोय की. माझं कुठं ऑपरेशन झालंय?"

ते चिडले. पण मीही त्यांचीच लेक, एकदा धरलं की सोडत नाही. त्यांना खिडकीशी नेलं, हातात भिंग दिलं आणि रुपया उन्हात तिरपा करून फिरवला. न धुतलेलं नाणं असं हलवलं की चमक त्याच्यावर गोल फिरते. इथं ती स्टीलच्या ताटासारखी नुसती पसरली होती. राणीच्या गालावर बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेचे. हाताळून पडलेले ओरखडे इतके शिस्तीत नसतात, आडवेतिडवे असतात. अक्षरांच्या सांदीत, जिथं बोट पोचत नाही, तिथं तेवढं काळं उरलं होतं.

आण्णांनी बराच वेळ पाहिलं. "कुनीतरी बदललाय," ते शेवटी म्हणाले.

"बदलतंय कोन?" चहा घेऊन आलेली आई म्हणाली. "मी घासलाय. किल्ली माझ्याकडंबी असती. लक्ष्मीपूजनाला चिंच आन् राख लावून समदी चांदी घासती न्हवं मी? देवीम्होरं काळा रुपया मांडायचा व्हय?"

"समद्यात ह्योबी घासलास?"

"आवं, तुमीच म्हनला, ह्यो सगळ्यात मोलाचा. म्हनून त्यो सगळ्यात जास्त घासला."

मला हसू फुटलं आणि लगेच वाईट वाटलं. आण्णांचा चेहरा पडला होता. चहा निवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"ह्यो ऱ्हाऊ दे घरी," मी म्हटलं.

"न्यायचा. चिठ्ठीवर लिव्ह, घरी धुतलेला."

"लोक हसतील, आण्णा."

"हसू देत. खोटं मांडायला टेबल न्हाई मागितलं मी."

सांगलीला आईपण आली, ठेवणीतलं इरकल नेसून. टेबलाशी येणारा चिठ्ठी वाचायचा आणि पुढं सरकायचा. आण्णा पहाऱ्यावर असल्यासारखे ताठ बसून होते. मला त्यांचा अभिमान वाटत होता. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत होती. आपण काय करून बसलो ते तिला तिथं कळत गेलं, आणि सकाळची तिची बडबड बंद पडली.

दुपारी एक वयस्कर संग्राहक थांबले. त्यांनी भिंग लावून रुपया उलटापालटा केला आणि हळहळले.

"काय सुंदर नाणं होतं हो. सगळं घालवलं. कुणी धुतलं हे?"

आईनं मान खाली घातली. आण्णा खुर्चीतून उठून तिच्यापुढं उभे राहिले.

"मी," ते म्हणाले.