मुळासकट

देवकाबाईला कोणी "चित्रकार" म्हटलं की ती तोंडाला पदर लावून हसायची. हिंगणघाटच्या बाजारात वांगी नि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी बाई ती! पण लेकीच्या शाळेच्या उरलेल्या जलरंगांवर तिचा हात असा काही बसला, की जुन्या मालगुजार घराण्यातल्या वासुदेवरावांनी आजोबांच्या बागेतलं एकेक झाड रंगवायचं काम तिलाच दिलं. दोन वर्षं ती भाजी विकून झाली की बागेत जाऊन बसायची.

आता तिची खोड ऐका. शेतात तण निंदताना बाया एकमेकींना झाड दाखवतात ते मुळासकट उपटून. नुसतं पान पाहून झाड ओळखलं, हे त्या मानतच नाहीत. देवकाबाईनेही तेच केलं. आजोबांनी परदेशातून मागवलेली लिली तिने खुशाल उपटली, कांदा धुतला, चित्र काढलं आणि पुन्हा लावून पाणी घातलं. माळी बोंबलला, लिली मात्र मेली नाही. मोठ्या झाडांच्या बुडाशी खुरप्याने उकरून जेवढं दिसलं तेवढं रंगवलं. अशी एकेचाळीस चित्रं झाली.

वासुदेवरावांनी आपल्या बंगल्यावर त्यांचं प्रदर्शन ठरवलं. आदल्या दिवशी ती तिथे गेली, तर फ्रेमवाले बंडूजी पट्टी नि कटर घेऊन बसलेले. प्रत्येक चित्रावर मातीच्या पातळीला पेन्सिलची रेघ!

"हे काऊन, बंडूजी?"

"मालक म्हणतेत खालचं कापून टाक," बंडूजी मान खाली घालून बोलले.

तेवढ्यात वासुदेवराव आले. "देवकाबाई, पाहुणे फुलं बघायला येणार आहेत. ही मातीतली दाढी कशाला?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. "कापता? मंग पयले बागेतले झाडं कापा बुडातून. उद्या पाहुणे येतपर्यंत जे ताजं राह्यलं, त्याचंच चित्र कापजा."

"कागद माझे आहेत!" वासुदेवराव लालबुंद झाले. "आणि असंच बोलायचं असेल तर उद्यापासून तुम्हाला फाटक बंद."

जीव अडकला होता तिचा त्या बागेत, खोटं कशाला सांगू! घायपाताला आत्ताच दांडा फुटला होता. जन्मात एकदाच फुलतं ते झाड, आणि तेच नेमकं रंगवायचं राहिलं होतं. पण ती खाली बसली, बंडूजींकडून खोडरबर मागून घेतलं आणि जराही घाई न करता एकेचाळीस रेघा पुसल्या. चित्रं लुगड्याच्या फडक्यात बांधली नि चालू पडली. अडवायची छाती होती का कोणाची?

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या मोटारी लागल्या, तेव्हा बाई फाटकावर हजर. आत पाऊल टाकलं नाही. वासुदेवरावांना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांदेखत, सकाळीच वर्ध्याला जाऊन आणलेला कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या मालक, तुमचे कागद. एकेचाळीस हायेत, मोजून घ्या. एकावरबी मूळ नाई."